मूळ गाणे कोणाचे?

रात्रीची जेवणे आटोपली, स्वयंपाकघरातील झाकपाक झाली आणि मुले अंथरुणात शिरली, म्हणजे सांगलीस आमच्या ओसरीवर चार समवयस्कांची बैठक भरते. एक गृहस्थ जन्मभर कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, एक बँकेतील, एक पेशाने डॉक्टर परंतु जीव सारा पेटीच्या भात्यात अडकलेले, आणि चौथे आम्ही, संस्कृतची रूपे घोकून घेण्यात ज्यांची हयात गेली असे मास्तर. मध्ये पाटावर रेडिओ. दिवसा घरातील सर्व यंत्रे तरुण मंडळींच्या स्वाधीन असतात. रात्री दहानंतरची नभोवाणी तेवढी आमच्या वाट्यास येते. ‘नभोवाणी’ हा शब्द आता मागे पडला आहे खरा. परंतु आमच्या तीर्थरूपांच्या तोंडचा तो शब्द आम्हांस टाकवत नाही.

रात्रीच्या ऐकण्यास एक निराळीच गोडी असते. रस्ता निजलेला असतो, घर निजलेले असते, यंत्रातून किंचित खरखर येत असते, आणि त्या खरखरीतून निवेदक हलक्या आवाजात गीतकाराचे, संगीतकाराचे व गायकाचे नाव सांगतो. सांगलीस आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. फर्माईश करणाऱ्या गावोगावच्या श्रोत्यांची नावे ऐकता ऐकता आम्ही वाढलो आणि म्हातारेही झालो.

परंतु ज्या रात्री एखादे ओळखीचे पद अनोळखी गळ्यातून येते, त्या रात्री झोपेचे खोबरे झालेच म्हणून समजावे. ‘हे कोण?’ हा पहिला प्रश्न आणि ‘मूळचे असे नाही’ हा पहिला निकाल! एकाने अगोदर गाऊन गाजविलेले पद दुसऱ्याने पुन्हा आपल्या रीतीने गावे, यास मराठीत नेटका शब्द नाही. आम्ही आमच्यापुरता ‘अनुगान’ असा शब्द योजिला आहे. ह्या अनुगानावरून आमच्या ओसरीवर जेवढे वाद झाले, तेवढे राजकारणावरूनही झाले नसतील.

कोर्टातील गृहस्थ पक्के मूळवादी. त्यांचे म्हणणे असे की, दस्तऐवज एकदा नोंदला गेला म्हणजे पुढच्या साऱ्या नकला. अस्सल ते एकच. डॉक्टर त्यांच्या उलट. औषध तेच असले तरी रोग्याचे वय आणि प्रकृती पाहून मात्रा बदलावी लागते, तसेच गाण्याचे आहे, असे ते म्हणतात. बँकेतील गृहस्थ दोन्ही बाजू जमाखर्चासारख्या मांडतात आणि शिल्लक न सांगताच घरी जातात. आम्ही स्वतः गेल्या वर्षापर्यंत कोर्टाच्या बाजूचे होतो, हे प्रथमच सांगून टाकतो.

आमच्या पक्षातही काही अर्थ होता. गाणे एकटे मनात राहत नाही. ते जेथे प्रथम ऐकले त्या घराच्या शेणाने सारवलेल्या जमिनी, वडिलांचा खिडकीतला दाढीचा आरसा, आईच्या हातातील वाळवणाचे ताट, हे सारे त्याच्यासंगे मनात घर करून असते. पुढे कोणी तेच गाणे निराळे गायिले, म्हणजे त्या घरातील वस्तू कोणी परक्याने इकडच्या तिकडे हलविल्यासारखे वाटते. जुन्या माणसांचा नव्या गाण्यावरील राग पुष्कळदा गाण्यावरचा नसतोच. आपले गेलेले घर ते राखीत असतात. परंतु हे आम्हांस उमगले ते फार उशिरा, आणि त्याची किंमत दुसऱ्यास द्यावी लागली.

रामनवमीचा प्रसंग

गेल्या वर्षी रामनवमीस संध्याकाळी आमच्या घरी नेहमीप्रमाणे आप्तेष्ट जमले होते. आमची नात पंधरा वर्षांची आहे. पाच वर्षे नेमाने गाणे शिकते. तिने ‘गीतरामायणा’तील एक पद म्हणावयास घेतले. वनात सोडून दिलेली सीता लक्ष्मणास विचारते, त्या प्रसंगीचे ते पद. पोरीने लय बरीच उतरविली होती, आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस ती क्षणभर थांबत होती. तबकडीवर आम्ही जे पन्नास-पंचावन्न वर्षे ऐकत आलो, ते तसे नव्हते. पहिले कडवे संपून दुसऱ्यास प्रारंभ होतो न होतो तोच आम्ही हात वर केला आणि भर बैठकीत म्हणालो, “असे नव्हे. मूळ असे नाही. आधी बाबूजींचे नीट ऐक, आणि मग म्हण.”

“बरे, आजोबा,” एवढेच ती म्हणाली. तिने पेटीचा भाता मिटला आणि ती आत गेली. सूनबाईंनी मान खाली घालून सर्वांस सुंठवडा वाटला. कोणी काही बोलले नाही. चौतीस वर्षे वर्गात मुलांच्या चुका दाखविण्याची सवय जिभेस होती. तिचा उपयोग आपण कोठे केला, हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आले नाही.

त्यानंतर नात घरात गायिनाशी झाली. वर्गास जाई, परंतु घरी रियाज करावयाचा तो दार लावून, आणि आमची चाहूल लागली की तोही बंद. ओसरीवर रेडिओ वाजत होता. घरातले गाणे मात्र थांबले होते.

साताऱ्याचा टेलिफोन

आमचे घराणे मूळचे साताऱ्याचे. तीर्थरूप नोकरीनिमित्त सांगलीस आले. साताऱ्यास आमच्या आत्याबाई असतात. वय पंच्याऐंशीच्या घरात, दृष्टी अधू, कान मात्र तल्लख. त्याही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या रेडिओ ऐकतात, आणि एखादे पद मनास लागले, की लगेच आम्हांस टेलिफोन करतात. अशाच एका रात्री आम्ही त्यांस रामनवमीची हकीकत सांगितली. त्या आमच्या बाजूने बोलतील, अशी आमची खात्री होती.

त्या म्हणाल्या, “बाळ, मूळ म्हणजे रे कोणाचे?”

“अर्थात बाबूजींचे, आत्या. सुधीर फडक्यांचे.”

“ते तुझे मूळ. माझे नव्हे. मी ते पद प्रथम ऐकले ते बाईच्या आवाजात.”

आम्ही गप्प झालो. माहीत नव्हते असे नाही. परंतु माहीत असणे आणि ध्यानात येणे यांत अंतर आहे. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाले. कल्पना पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांनी उचलून धरली, गीते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि चाली सुधीर फडके यांनी बांधिल्या. वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे बावन्न गीतांचा बेत होता. परंतु त्या वर्षी अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास नवे गीत लागे व शनिवारी-रविवारी तेच पुन्हा ऐकवीत. आता मुद्द्याची गोष्ट. ही गीते वर्षभर एकाच गळ्यातून आली नाहीत. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक असे अनेक गायक त्यांत होते. स्त्रीपात्रांची पदे स्त्रिया गात, पुरुषांची पुरुष. पुढे फडक्यांनी सबंध गीतरामायण एकट्याने जाहीर कार्यक्रमांतून गावयास प्रारंभ केला, त्यांच्याच आवाजात त्याच्या तबकड्या निघाल्या, आणि आमच्या पिढीच्या कानांत तेच मूळ म्हणून ठसले.

म्हणजे ज्या गाण्यास ‘मूळ’ समजून आम्ही पोरीचे तोंड बंद केले, ते आमचे मूळ स्वतःच एक अनुगान होते! पुरुषाच्या गळ्यातील सीता आम्हांस इतकी सवयीची झाली होती, की पंधरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातील सीता आम्हांस परकी वाटली.

ही गोष्ट ओसरीवर मांडताच कोर्टातील गृहस्थांनी हरकत घेतली. चाल फडक्यांचीच आहे, तेव्हा अस्सल मालक तेच, असा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. परंतु चालीचा कर्ता असलेल्या त्या थोर पुरुषाने आपली चीज प्रथम दुसऱ्यांच्या गळ्यांत घालून पाहिली, आणि नंतर आपल्या. मालकाने स्वतःच घराची दारे उघडी ठेविली असता पहारेकऱ्याने ती लावून घ्यावी, हे कोणत्या न्यायात बसते?

पुढे आम्ही मुद्दाम साताऱ्यास गेलो. आत्याबाईंपाशी त्या वर्षाची एक वही आहे. १९५५ साली त्या पंधरा वर्षांच्या. पेठेतील एका वाड्यात परवाना काढून घेतलेला रेडिओ होता, आणि शुक्रवारी सकाळी मालक पुढचे दार उघडे ठेवीत. बायका हातची कामे टाकून अंगणात बसत. कोणी यंत्रास हार घाली, कोणी उदबत्ती लावी. पदे वर्तमानपत्रांतून छापून येत; ती आत्याबाईंनी बोरूच्या वळणाच्या अक्षरांत उतरून घेतली आहेत, आणि समासात गाणाराचे नाव लिहिले आहे. ‘मूळ’ कोणाचे, याचा दस्तऐवजच पाहावयाचा, तर तो आमच्या कोर्टवाल्यांनी साताऱ्यास जाऊन पाहावा.

वही मिटता मिटता आत्याबाई सहज बोलल्यासारख्या बोलल्या, “मी त्यातले एक पद म्हणत होते. विहिरीपाशी. तुझे आजोबा बाहेरून आले. म्हणाले, ‘ऐकावे, म्हणू नये.’ त्यानंतर मी म्हटले नाही. वही तेवढी ठेविली.”

आमचे आजोबा करारी परंतु प्रेमळ गृहस्थ होते, अशी आमची आठवण आहे. आमची नातही कदाचित पुढे आमच्याविषयी असेच सांगेल, ह्या विचाराने परतीच्या गाडीत आमचा डोळा लागला नाही.

वाल्मीकी स्वतः गायिले नाहीत

संस्कृत शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसास जे प्रथम आठवावयास हवे होते, ते आम्हांस मागाहून आठवले. रामायण हे आदिकाव्य. परंतु वाल्मीकींनी ते स्वतः सभेत गायिले नाही. बालकांडाच्या चौथ्या सर्गात कथा आहे, ती अशी की, मुनींनी हे काव्य कुश-लव या दोघां शिष्यांस शिकविले, आणि त्यांनी ते ऋषींच्या मेळाव्यात म्हणून दाखविले. ऐकून ऋषी इतके प्रसन्न झाले, की एकाने कलश दिला, दुसऱ्याने वल्कल. पुढे ती मुले रस्त्याने गात असता रामाने त्यांस पाहिले व आपल्या घरी आणविले. माडगूळकरांनीही आपल्या गीतरामायणाचा आरंभ ह्याच प्रसंगापासून केला आहे. कवी एक, गाणारा दुसरा आणि ज्याची कथा तो ऐकणारा तिसरा, असा हा त्रिवेणी संगम आमच्या पहिल्याच काव्यात आहे. तेथे ऋषींपैकी कोणी हात वर करून ‘थांबा, मुनी असे म्हणत नाहीत’ असे म्हणाल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्याहूनही जुना दाखला वेदांचा. सामवेदातील पाऊणशेच्या आसपास ऋचा सोडल्या, तर बाकीच्या साऱ्या ऋग्वेदातील आहेत. तेच मंत्र सामगांनी गानासाठी घेतले, स्वर लांबविले, मध्ये आलापाची अक्षरे घातली, आणि त्याचा स्वतंत्र वेद झाला. उलट ऋग्वेदाच्या पठणात एक मात्रा ढळू नये म्हणून पदपाठ, क्रम, जटा, घन अशी केवढी तटबंदी! आमच्या पूर्वजांनी दोन्ही मार्ग सांभाळले. शब्द राखावयाचा तो पाठाने आणि फुलवावयाचा तो गानाने. आमच्यासारखे पाठाच्या तटावर उभे राहून गानास दटावू लागले, म्हणजे घोटाळा होतो.

सांगलीच्या अंगणातील दाखले

इतके दूर जावयाचेही कारण नाही. सांगलीस ‘नाट्यपंढरी’ म्हणतात, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथेच ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. कृष्णाकाठचे हरिपूर हे ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, आणि मानापमानास चाली देणारे गोविंदराव टेंबे यांचा जन्मही सांगलीचाच. तेव्हा नाट्यपदांच्या बाबतीत तरी ‘मूळ’ काय ते आम्हांस ठाऊक असावयास पाहिजे.

परंतु शोध घेऊ लागलो, की मूळ मागे मागेच सरकत जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ केले तेव्हा कीर्तनातील, लोकगीतांतील व कानडी पदांच्या चाली घेतल्या. टेंब्यांनी १९११ च्या मानापमानात उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी-दादऱ्याचा रंग आणिला. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या स्वयंवरास रागदारीतील बंदिशींच्या चाली दिल्या. ज्या चालीस आम्ही मूळ म्हणतो, ती आधी दुसऱ्याच शब्दांची सून होती. मराठी शब्दांच्या घरी नांदावयास आली आणि कुळाची झाली.

बरे, गाणाऱ्यांचे म्हणावे तर एका धैर्यधराच्या भूमिकेचेच पाहा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्यांचे अभिमानी त्या रात्री एकाच नाट्यगृहात बसून दोघांस तोलीत होते. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी हीच भूमिका आपल्या तेजस्वी, फिरत्या गळ्याने केली, आणि पदांतील कित्येक जागा व चाली आपल्या स्वभावास मानवतील अशा करून घेतल्या. आणि आमच्या शेजारच्या मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखाँसाहेब? त्यांनी ह्याच मानापमानातील पदांच्या ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांचे उच्चार मराठी घरातील नव्हते, त्यांनी ना तोंडास रंग लाविला ना भूमिकेचा पोशाख केला. पण त्या आर्त सुरांनी पदाचे नाटकातील मूळ प्रसंग विसरावयास लाविले. १९३७ साली खाँसाहेब निवर्तले. त्यांच्या मुद्रिका रात्री लागल्या, म्हणजे आमचे कोर्टातील गृहस्थही ‘नक्कल’ हा शब्द उच्चारीत नाहीत.

मुद्रिकेविषयीही एक गोष्ट विसरता कामा नये. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. बालगंधर्व रंगभूमीवर एकेका पदास ‘वन्स मोअर’ घेत, आणि प्रत्येक वेळी ते पद नव्या अंगाने उलगडीत. तबकडीत त्यातील एक घास आला. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटीस बंदी होती. त्यामुळे जी पदे पेटीच्या आणि ऑर्गनच्या संगतीने वाढली, ती नभोवाणीवर त्यांवाचून गावी लागत. यंत्राच्या सोयीने व गैरसोयीने जे आकारास आले, ते पुढच्या पिढीने प्रमाण मानिले. प्रवाहाचे एक चित्र काढून भिंतीस टांगावे आणि नदीस म्हणावे की, ‘तू अशी नाहीस’, त्यातलाच हा प्रकार!

आत्याबाईंस हा सारा सांगलीचा अभिमान फारसा रुचला नाही. माडगूळकर त्यांच्या मते साताऱ्याचे. तसे पाहता शेटफळे व माडगूळ ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात मोडतात. परंतु आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती, कवीचे काही शिक्षण औंधास झाले, आणि औंध साताऱ्याचे. ज्या संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वहस्ते ‘चित्ररामायण’ रंगविले, त्याच संस्थानच्या मुलाने पुढे गीतरामायण लिहिले. शिवाय खुद्द सांगली जिल्हाच १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ ह्या नावाने जन्मास आला व १९६० साली सांगली झाला. तेव्हा मूळ साताऱ्याचे, असा त्यांनी निकाल दिला. आम्ही तो मान्य केला. मूळ शोधू गेले म्हणजे असेच व्हावयाचे.

मर्यादा कोठे?

मग काय वाटेल त्याने वाटेल तसे गावे? आमचे तसे म्हणणे नाही. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब उभे केले. २०१५ साली त्याचा चित्रपट निघाला तेव्हा खाँसाहेबांची पदे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायिली. नातवाने आजोबांची पदे गावी आणि लोकांनी डोके डोलवावे, हा योग आनंदाचा. परंतु २०२५ च्या आरंभी मानापमानाचा चित्रपट आला तेव्हा आमच्या ओसरीवर पुन्हा रण माजले, आणि डॉक्टरांसही काही गोष्टी मानवल्या नाहीत. तेव्हा सर्वांनी मिळून तीन कसोट्या ठरविल्या आहेत. त्या वाचकांपुढे ठेवितो.

पहिली कसोटी शब्दांची. समासाच्या पोटात श्वास घेऊन त्याचे दोन तुकडे करणारा, किंवा तानेच्या ओघात विभक्तीचा प्रत्यय गिळणारा गायक कितीही गोड असो, तो पद गात नाही, पदावर गातो.

दुसरी कसोटी प्रसंगाची. हे कोण बोलत आहे, कोणास बोलत आहे, आणि कोणत्या अवस्थेत? त्यास धरून लय बदलली, पट्टी बदलली, ठेहराव बदलला, तर तो अर्थाचा विस्तार आहे. केवळ गळा दाखविण्यासाठी बदल केला, तर ती करमणूक झाली.

तिसरी कसोटी ऋणाची. पूर्वी कोणी लिहिले, कोणी बांधिले आणि आपल्या आधी कोणी गायिले, हे सांगून गावे. नभोवाणीची ही रीत फार चांगली आहे. अलीकडे टेलिफोनवर जे गाण्यांचे तुकडे एकमेकांस धाडतात, त्यांत गाणाराचा चेहरा असतो. कवीचा पत्ता नसतो. अनुगानाने मूळ बुडत नाही. नाव न घेण्याने मात्र बुडते.

आता राहिले आमच्या घरचे. साताऱ्याहून परतल्यावर दोन दिवसांनी आम्ही नातीस ओसरीवर बोलाविले आणि म्हणालो, “रामनवमीस आमचे चुकले. मूळ काय ते आम्हांसच ठाऊक नव्हते.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजोबा, मला मूळ बदलायचे नव्हते. सीता तिथे दमलेली आहे ना? तिच्या पोटात बाळ आहे, रथातून उतरली आहे, आणि लक्ष्मण खाली मान घालून उभा आहे. ती भरभर कशी विचारेल? म्हणून मी प्रत्येक ओळीनंतर थांबत होते. लक्ष्मण उत्तर देतो का, ते बघायला.”

भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ आम्ही मुलांस वर्षानुवर्षे शिकविले. करुण रसाची व्याख्या फळ्यावर लिहून दिली. परंतु सीता उत्तराची वाट पाहत थांबेल, हे आमच्या मनात कधी आले नव्हते. आमची दुसरी कसोटी ही अशी त्या मुलीची आहे. श्रेय आमचे नव्हे.

ती लगेच गायिली असे नाही. आम्ही आग्रहही केला नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री साताऱ्याचा टेलिफोन आला असता तिने तो आमच्या हातून घेतला, आणि म्हणाली, “पणजीआत्या, ऐका हं.” मग निवेदकासारखा आवाज काढून तिने कवीचे नाव सांगितले, संगीतकाराचे सांगितले, आणि ‘आमच्या साताऱ्याच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्या सर्व गायिका’ असे म्हणून तेच पद सुरू केले. तीच उतरविलेली लय, तेच थांबणे. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दुसऱ्या कडव्यापासून टेलिफोनमधून आणखी एक सूर येऊ लागला. जुना, कापरा, मध्येच तुटणारा. सत्तर वर्षांनी तो विहिरीपाशी टाकलेल्या जागेवर परत आला होता.

त्या रात्री ओसरीवर रेडिओ लाविला नाही. कोर्टातील गृहस्थ बाहेर चपला काढता काढता थांबून ऐकत होते. गाणे संपल्यावर ते आत आले, पाटावर बसले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, ही नोंद अस्सलात करावी.”